मोंढ्यातली पेंड आणि पेरूचा मासा

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही डोंगरावर चढा, समुद्र दिसत नाही. बालाघाटाच्या माथ्यावर उभं राहिलं की एका अंगाला गोदाकाठची काळी जमीन आणि दुसऱ्या अंगाला आष्टी-पाटोद्याची माळरानं. पाऊस वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही सरासरी काढली तर, कारण सरासरीइतका पाऊस पडलेलं साल इथे आठवावं लागतं. मासे म्हणजे माजलगावच्या धरणातले रोहू-कटला, नाहीतर नदीच्या डोहातला मरळ. सुरमई-पापलेट बर्फात बसून येतात आणि येईपर्यंत निम्मी चव वाटेत सोडून येतात. असं असूनही खाऱ्या पाण्यात पाळलेल्या माशांना खायला काय घालावं, हा प्रश्न मला गेली काही वर्षं बीडचाच वाटत आला आहे. आमच्या तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “कामून? त्या माशानं आपलं काय घेतलंय?”

माशाने आपलं सोयाबीन घेतलंय, हे त्याचं सरळ उत्तर.

दिवाळीच्या आगेमागे रास झाली की सोयाबीनची पोती मोंढ्यावर येतात. आडतीवर मॉइश्चर मोजलं जातं, माती-काडी धरली जाते, भाव फुटतो, पट्टी हातात पडते, आणि शेतकऱ्याच्या लेखी सोयाबीन संपतं. त्याचं पुढचं आयुष्य तिथून सुरू होतं. एक क्विंटल सोयाबीनमधून निघणारं तेल जेमतेम अठरा-एकोणीस किलो. उरलेल्यातली ऐंशी किलोच्या आसपास पेंड, जिला व्यापारी डीओसी म्हणतात. सोयाबीनला आपण तेलबियांत बसवलंय खरं, पण वजनाने पाहिलं तर ते पेंडीचं पीक आहे, आणि तेल हा त्यातला लहान हिस्सा. या पेंडीत शेकडा ४४ ते ४८ भाग प्रथिनं असतात. ती कोंबडीला जाते, परदेशी जाते, आणि आंध्रच्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांत जाऊन कोळंबीच्या आणि माशांच्या गोळीखाद्यात मिसळते. पाटोद्याच्या डोंगरात उगम पावलेल्या मांजरेचं पाणीही शेवटी गोदावरीतून त्याच किनाऱ्याला लागतं. आपलं पाणी आणि आपली पेंड दोन्ही बंगालच्या उपसागराकडे जातात; पेंड मालमोटारीने जाते इतकाच फरक.

आता माशांतही जाती-पोटजाती आहेत आणि त्यांच्या खाण्याच्या खोडीही. रोहू, कटला, मृगळ हे गोड्या पाण्यातले भाऊ बरेचसे गरीब स्वभावाचे. तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड कालवून तळ्यात टाका, ते वाढतात. खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यातला जिताडा तसा नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या तळ्यांत पूर्वापार पाळला गेलेला हा मासा जिवंत मासळी आणि कोळंबी गिळून मोठा होतो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जल मत्स्यपालन संस्थेने, म्हणजे सीबाने, १९९७ साली त्याचं बीज हॅचरीत तयार केलं. पुढे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपमला २०१० साली कोबियाची आणि २०११ साली चंदेरी पॉम्पानोची पैदास केली, आणि कारवारच्या समुद्रात पिंजरे टाकून मासे वाढवून दाखवले. बीज झालं, पिंजरे झाले. पण जिताडा आणि कोबिया जातिवंत मांसाहारी. त्यांना हवं असतं माशाचंच पीठ, फिशमील, ज्यात साठ ते सत्तर टक्के प्रथिनं असतात. ते पीठ येतं तारली, मांदेली, बोंबील यांच्यासारख्या मासळीतून आणि ट्रॉलरच्या जाळ्यात सापडलेल्या, अजून वाढायची असलेल्या पिल्लांतून. एक मासा पाळण्यासाठी समुद्रातले कैक मासे दळायचे, हा हिशेब कुणालाच फार काळ परवडणारा नाही.

जगाला तो हिशेब पहिल्यांदा कळला १९७२ साली. बीडमधल्या कुणालाही बहात्तर साल विचारा, तो दुष्काळच सांगेल. खडी फोडायला गेलेली माणसं, पाझर तलावांची कामं, रेशनवरचा लाल मिलो, सोडून दिलेली जनावरं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच दुष्काळात महाराष्ट्रभर पसरली आणि पुढे तिचा कायदा झाला. त्याच वर्षी, पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, पेरू देशाच्या किनाऱ्यावर अँचोवेटा नावाचा, दळून फिशमील केला जाणारा बोटभर मासा नाहीसा झाला. १९७० साली पेरूने या एका माशाची बारा कोटी क्विंटलच्या घरात, म्हणजे सव्वा कोटी टनांच्या आसपास, पकड केली होती. १९७३ साली ती वीस लाख टनांच्या आसपास घसरली. अतोनात मासेमारी हे एक कारण होतंच, पण दुसरं कारण प्रशांत महासागराचं तापलेलं पाणी, ज्याला पेरूचे कोळी एल निनो म्हणत आले होते. खालून वर येणारं थंड, सकस पाणी थांबलं, आणि मासा उपाशी राहिला. तेच तापलेलं पाणी आपल्या मान्सूनच्याही मुळावर येतं. खडी फोडणारा बीडचा माणूस आणि रिकामी जाळी झटकणारा पेरूचा कोळी एकाच समुद्राच्या तापाने हैराण झाले होते, आणि दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याची खबर नव्हती.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. फिशमील संपलं तसे अमेरिकेचे कोंबडीवाले आणि डुक्करवाले सोयापेंडीवर तुटून पडले. सोयाबीनचा भाव काही महिन्यांत तिपटीहून वर गेला. २७ जून १९७३ रोजी निक्सन सरकारने सोयाबीनची निर्यातच रोखली. बंदी थोडे दिवस टिकली, पण टोफू आणि मिसोवर जगणारा जपान हादरून गेला. अमेरिकेवर विसंबायचं नाही असं त्याने ठरवलं आणि ब्राझीलच्या पडीक गवताळ पठारावर सोयाबीन उभं करायला पैसा आणि तंत्र पुरवलं. आज ब्राझील जगातला सर्वांत मोठा सोयाबीन उत्पादक आहे. आपल्याकडे हे पीक मध्य प्रदेशातून उतरत आलं. जबलपूरच्या विद्यापीठाच्या जेएस ३३५ ने आणि परभणीच्या एमएयूएस ७१ सारख्या वाणांनी खरिपातली ज्वारी, मूग, उडीद बाजूला सारले. घरच्या खाण्याची पिकं गेली आणि खळ्यावरून थेट मोंढ्यात जाणारं पीक आलं. ते चांगलं झालं की वाईट, यावर दोन पिढ्यांचं अजून एकमत नाही. मला विचाराल तर कडब्यासाठी तरी ज्वारी राखायला हवी होती.

म्हणजे मासा गेला आणि त्याच्या जागेवर सोयाबीन बसलं. तिथून ते माशाच्याच खाद्यात शिरलं. नॉर्वेच्या सामन माशाच्या खाद्यात १९९० साली नव्वद टक्क्यांच्या आसपास माल समुद्रातला असे. २०१३ पर्यंत तो तीस टक्क्यांवर आला. बाकीची जागा वनस्पतींनी, त्यातही सोयाने, घेतली.

सामनला मात्र ते पचलं नाही. नव्वदच्या दशकात नॉर्वेच्या संशोधकांनी सोयापेंड खाल्लेल्या सामनची आतडी उघडून पाहिली, तेव्हा मागच्या भागातल्या घड्या आखूड झालेल्या आणि आतून दाह झालेला दिसला. पेंड बंद केली की काही आठवड्यांत आतडं पूर्ववत होई, पुन्हा सुरू केली की पुन्हा दाह. याचं कारण सोयाबीनच्या स्वतःच्या संरक्षणात आहे. बीला आपल्याला कुणी खाऊ नये असंच वाटत असतं. म्हणून तिने प्रथिन पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्यं जवळ ठेवलेली असतात, पोटात वायू धरणाऱ्या रॅफिनोज-स्टॅकिओज या शर्करा ठेवलेल्या असतात, फेसाळ सॅपोनिनं असतात, आणि फॉस्फरसला कुलूप लावून ठेवणारं फायटिक आम्ल असतं. कच्चं सोयाबीन जनावरापुढे टाकू नये, पोट फुगतं, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. उष्णतेने ट्रिप्सिनचा अडसर बराचसा मोडतो. फायटिक आम्ल, शर्करा आणि सॅपोनिनं भाजून-शिजवून जात नाहीत. फायटेज हे विकर माशाच्या आतड्यात नसल्यासारखंच, त्यामुळे खाद्यातला फॉस्फरस अंगी न लागता पाण्यात पडतो, आणि पाण्यात शेवाळ माजतं. म्हणजे खाद्य महाग पडतं ते पडतंच, वर तळंही नासतं.

मग म्हैस सरकीची पेंड खाऊन दूध कशी देते? सरकीत तर गॉसिपॉल नावाचं विष असतं, ज्याने कोंबडी आणि मासा दोघेही खंगतात. म्हशीला ते पुष्कळसं सोसतं, कारण तिच्या पहिल्या पोटात, पोटारात, चोवीस तास आंबवण चालू असते. अब्जावधी जिवाणू आलेला घास आधी आपण खातात, त्यातलं विष बरंचसं बांधून टाकतात, मग उरलेलं आणि स्वतःलाही म्हशीच्या स्वाधीन करतात. माशाला असं पोटार नाही. जिताड्याचं आतडं आखूड, मांसासाठी घडवलेलं. त्याला पेंड खायला घालायची तर हे पोटार बाहेर बांधावं लागतं, आणि आंबवलेल्या पेंडीची सगळी विद्या एवढीच आहे.

लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, ज्वारीच्या पिठाची जी आंबील होते, तिचाच हा थोरला, शिस्तीचा भाऊ. पेंडीत तिच्या वजनाइतकं पाणी कालवायचं, त्यात ठरावीक जिवाणू किंवा बुरशी सोडायची आणि उबेला ठेवून द्यायची. कधी बॅसिलस सबटिलिस, ज्याच्या एका भावंडाने जपानी लोक नाट्टो करतात. कधी अ‍ॅस्परजिलस ओरायझी, जी मिसो आणि सोयासॉसची बुरशी. कधी दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसचा गोतावळा. कधी साधं यीस्ट. एक ते तीन दिवसांत ही मंडळी शर्करा खाऊन टाकतात, फायटिक आम्लाचं कुलूप उघडतात, ट्रिप्सिनचे उरलेले अडसर मोडतात आणि पेंडीतल्या बोजड प्रथिनांचे लहान-लहान तुकडे करतात, जे माशाच्या आतड्यातून सहज शोषले जातात. शर्करा उडाल्याने उरलेल्या मालात प्रथिनाचं प्रमाणही दोन-चार टक्क्यांनी वाढतं. पेंडीचा वास बदलतो. आंबटसर होतो, आणि बरेच मासे ती जास्त आवडीने खातात. सीबाच्या लोकांनी सोयापेंडीबरोबर शेंगदाण्याची, सूर्यफुलाची, मोहरीची पेंड आंबवून कोळंबीला खाऊ घालून पाहिली आहे. चीन, कोरिया आणि आग्नेय आशियात समुद्री माशांवरही असे प्रयोग पुष्कळ झाले. जात आणि वय पाहून उत्तर बदलतं, तरी फिशमीलचा तिसरा हिस्सा ते निम्मा आंबवलेल्या पेंडीने भरून काढता येतो, इतपत बऱ्याच ठिकाणी निघालं आहे.

निम्म्याच्या पुढे गाडी अडते, आणि अडण्याची कारणं मोठी मजेदार आहेत. जपानमध्ये तांबड्या मादाई माशाला आणि बुरीला फिशमील तोडून वनस्पतीच जास्त खाऊ घातल्या, तेव्हा त्यांची यकृतं हिरवी पडू लागली. शोध घेतला तर कमतरता निघाली टॉरिनची. हे द्रव्य मांसात-मासळीत भरपूर, वनस्पतीत जवळजवळ शून्य, आणि समुद्री मासे ते स्वतः पुरेसं बनवू शकत नाहीत. कितीही आंबवा, जी वस्तू पेंडीत मुळातच नाही ती जिवाणू आणणार कुठून? ती वेगळी घालावी लागते, आणि पेंडीत कमी पडणारं मेथिओनिन हे अमिनो आम्लही. माशाच्या तेलातली ओमेगा-३ ही तर स्वतंत्र गोष्ट, तिचा उगम समुद्री शेवाळात. आंबवण ही जादूची कांडी आहे असं कुणी सांगू लागलं तर त्याला हिरव्या यकृताची गोष्ट सांगावी.

शिवाय बुरशीचा भरवसा तिच्या कुळावरून ठरतो. सोयासॉसची सज्जन ओरायझी आणि विषारी अ‍ॅफ्लाटॉक्सिन पाडणारी फ्लेव्हस या अगदी जवळच्या बहिणी. पहिली हे दुसरीचंच माणसाळलेलं रूप मानलं जातं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, आणि त्याचं मूळ ब्राझीलहून आलेल्या बुरसट शेंगदाणा पेंडीत निघालं. अ‍ॅफ्लाटॉक्सिन सापडलं ते तेव्हा. पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पेंड भिजत घालून “आंबली” म्हणणाऱ्याकडून माशाचं खाद्य घेऊ नये. आणि आंबवल्यानंतर खरा खर्च सुरू होतो तो वाळवण्याचा. निम्मं पाणी असलेला माल दहा-बारा टक्के ओलीवर आणायचा, तोही फार न तापवता, कारण जास्त उष्णतेने लायसीन हे मोलाचं अमिनो आम्ल निकामी होतं. बीडच्या मे महिन्यात ऊन फुकट आहे, पण धूळही फुकट आहे.

आता भावाचं. सोयाबीन पिकवणाऱ्याच्या घरात या सगळ्याचा अर्थ भावापाशीच येऊन थांबतो. २०२१ च्या उन्हाळा-पावसाळ्यात लातूरला सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. कोंबडीवाल्यांनी ओरड केली. ऑगस्टमध्ये केंद्राने जनुक बदललेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, आणि नवं पीक खळ्यावर येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता. मोंढ्यात चार हजार-सव्वाचार हजारांत माल गेला. यामागे एक कारण असं आहे, जे माझ्या विषयाला फार लागून आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालायचं म्हणून मक्यापासून आणि तांदळापासून मद्यार्क गाळणाऱ्या डिस्टिलऱ्या देशभर उभ्या राहिल्या. त्यांचा चोथा म्हणजे डीडीजीएस. धान्याच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा चोथा उरतो, तांदळाच्या चोथ्यात चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत प्रथिनं असतात, आणि तो सोयापेंडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. कोंबडीच्या खाद्यात त्याने सोयापेंडीची जागा खायला सुरुवात केली. आणि हा चोथा आहे तरी काय? यीस्टने आंबवलेली वनस्पती. ज्या आंबवणीने सोयाबीनला समुद्राचं दार उघडायचं, तीच कोपऱ्यावरच्या डिस्टिलरीतून येऊन त्याला कोंबडीच्या खुराड्यातून बाहेर काढते आहे. तात्यांना हे ऐकवल्यावर ते इतकंच म्हणाले, “दारूनं लई घरं बुडवली, ही पहिलीच रास म्हणायची.”

इथेच मला या साऱ्या प्रकरणाचं मर्म दिसतं. साधी पेंड विकायला ठेवली की तिची तुलना होते डीडीजीएसशी आणि ब्राझीलच्या पेंडीशी, म्हणजे खालच्या भावाशी. नीट आंबवून, तपासून, वाळवून तीच पेंड जिताड्याच्या खाद्यासाठी ठेवली की तिची तुलना होते फिशमीलशी, जे सोयापेंडीच्या दुपटी-तिपटीने विकलं जातं. तीच वस्तू, पण तिचा भाव ठरवणारं गिऱ्हाईक बदलतं. जगात फिशमील निघतं साधारण पन्नास लाख टन आणि सोयापेंड पंचवीस कोटी टनांच्या आसपास, त्यामुळे पेरूचा मासा गेला म्हणून आज सगळी पेंड १९७३ सारखी भडकणार नाही. समुद्री माशांचा धंदाही आपल्याकडे अजून लहान आहे, सगळ्या मराठवाड्याचं सोयाबीन रिचवण्याइतका तो आपल्या हयातीत होईल असं मला वाटत नाही. पण एखाद्या तालुक्यातल्या शेतकरी कंपनीला पुरेल इतकं गिऱ्हाईक आंध्रच्या खाद्य कारखान्यांत आत्ताही आहे.

तरी एक पेच उरतो, तोही समुद्रानेच घातलेला. २०१४ सालच्या उत्तरार्धात पेरूने अँचोवेटाचा हंगाम रद्द केला. २०१५ साली केरळच्या किनाऱ्यावरची तारली, जी २०१२ मध्ये चार लाख टनांच्या घरात होती, सत्तर हजार टनांच्याही खाली आली, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी बोट दाखवलं ते एल निनोकडे. त्याच दोन वर्षांत मराठवाडा होरपळला. केज तालुक्यातलं मांजरा धरण आटलं आणि त्याच्यावर जगणाऱ्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. २०२३ च्या जूनमध्ये पेरूने पुन्हा पहिला हंगाम रद्द केला, आणि दोनच महिन्यांनी आपल्याकडे १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट आला. सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या ऐन वेळी. वडवणी, धारूर, अंबाजोगाई दुष्काळी जाहीर झाले. दर वेळी असं होतंच असं नाही; १९९७ चा एल निनो शतकातल्या मोठ्यांपैकी होता आणि भारतात पाऊस चांगला झाला. पण बहुतेकदा ज्या वर्षी जगाला फिशमील मिळत नाही, त्याच वर्षी बीडच्या शेतकऱ्याकडे विकायला सोयाबीन नसतं.

यावर पाऊस पाडण्याचा उपाय कुणाकडे नाही. वाळवलेली आंबीव पेंड मात्र कोरड्या, हवाबंद जागी महिनोन्‌महिने टिकते, आणि एल निनोचा अंदाज हवामानवाले काही महिने आधी सांगू लागले आहेत. बऱ्या पावसाच्या वर्षी भाव पडलेला असतो तेव्हा पेंड करून ठेवायची आणि पेरूचा हंगाम बंद झाल्याची बातमी आली की बाहेर काढायची, इतकं तरी जमण्यासारखं आहे. त्यासाठी आधी कुणीतरी खर्चाचा खरा आकडा काढायला हवा. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, अंबाजोगाईहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. परळी-अंबाजोगाईकडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने यंदाच्या राशीतली दोन पोती पेंड त्यांच्याकडे न्यावी, ती आंबवून, वाळवून, अ‍ॅफ्लाटॉक्सिन तपासून, माशाला चारून घ्यावी, आणि एका किलोला नेमका किती खर्च आला ते लेखी मागावं.